शेवाळाची शुद्धी

पाण्याचा नमुना वरवरचा घ्यायचा नसतो. बाटली उलटी धरायची, कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा आणि खोल गेल्यावरच तिचं तोंड वर करायचं. हे मी ऐंशीच्या दशकात दक्षिण लंडनमधल्या एका प्रयोगशाळेत शिकले. नद्या-ओढ्यांचं पाणी गोळा करायचं, कुठला कारखाना काय सोडतो आणि कुठल्या गोठ्याची घाण कुठे झिरपते ते शोधायचं, हे माझं काम. क्रॉयडनच्या आमच्या घरी कोणी आलं की माझे वडील मुद्दाम सांगायचे, "आमची पोरगी पाण्यात हात घालायचा पगार घेते." मग ते हसायचे आणि आलेली माणसंही हसायची. आमच्याकडे येणारे बहुतेक सगळे बौद्धच, त्यांना फोड करून सांगावं लागत नसे. कुठल्या तळ्यावर आमच्या माणसांनी ओंजळ भरली आणि मग गावानं ते तळं कशानं धुतलं, हे आमच्या घरात पोरांकडून पाढ्यांबरोबर पाठ करून घेतलं जायचं.

नव्वदच्या दशकात मी प्रयोगशाळा सोडली आणि एका खासगी संस्थेत इन्स्पेक्टर झाले. शेतमालावर 'सेंद्रिय' हा शिक्का मारायचा की नाही, हे ही संस्था ठरवायची. युरोपचा सेंद्रिय कायदा तेव्हा नवानवा होता. तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गहू होता, कोबी होता, आणि सगळ्याच्या खाली माती होती. जमिनीवर टाक्या बांधून त्यात शेवाळ पिकवणारे लोक त्यांना सुचलेच नव्हते. शेवाळ हे पीक, की मासळी, की औषध, कायद्याला पत्ता नाही. एखादी चौकशी आली की फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायची आणि तिथेच घोडं पेंड खायचं. शेवटी आमच्या संस्थेनं ठरवलं की आपण आपले कच्चे नियम करू, एका शेतावर लावून बघू आणि जमलं तर पुढे पाठवू. ते नियम लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ऑफिसात पाण्यातलं कळणारी मी एकटीच होते.

मी मन लावून लिहिले. टाकीत रासायनिक नायट्रेट घालायचं नाही, शेवाळाला खाद्य झाडपाल्याचंच द्यायचं. जनावराचं शेण-मूत कुठल्याही रूपात चालणार नाही, कारण हा माल वाळवून लोक तसाच खाणार. टाकीतलं पाणी ओढ्यात सोडायचं नाही. आणि टाकीत जे जे जाईल ते आधी आम्हाला सांगायचं, मग ते चमचाभर का असेना. हे शेवटचं कलम माझं लाडकं होतं. माणूस काय घालतो यापेक्षा काय लपवतो, यावरून जास्त कळतं.

अर्जदार एकच आला आणि तो निघाला मराठी. पुण्याचा केमिकल इंजिनिअर, राहायला हॅरोला. कंपनीनं कामावरून कमी केल्यावर यानं वॉटफर्डच्या पुढे एक जुनं काचघर घेतलं, जिथे पूर्वी काकड्या व्हायच्या. तिथे लांबच लांब उथळ टाक्या बांधल्या आणि क्लोरेला नावाचं हिरवं शेवाळ वाढवायला लागला. त्याची भुकटी हेल्थ फूडवाले लोक दुधात कालवून पितात. का पितात ते त्यांनाच माहीत. दुकानांची एक साखळी याचा माल घ्यायला तयार होती, पण डब्यावर सेंद्रिय शिक्का असेल तरच. शिक्का नसेल तर शेवाळ घरी नेऊन त्याचीच भाजी करून खा. इतका साधा हिशेब होता आणि तो आम्हा दोघांनाही ठाऊक होता. समोर मी त्याला अहो-जाहो करायचे. इथे करणार नाही.

पहिल्यांदा गेले तेव्हा बाहेर बोचरी थंडी होती आणि आत काचघरात अंगावरचा कोट काढावा लागेल अशी ऊब. खोटं कशाला बोलू, मला ती जागा आवडली. टाक्यांत चाकं हळूहळू पाणी ढवळत होती आणि ते पाणी असं गर्द हिरवं की बघत राहावं. रासायनिक खाद्य बंद करायचं म्हणून त्यानं कॉम्फ्रीची खरबरीत पानं पिंपांत कुजवून त्याचं पाणी काढलं होतं. वास असा की मेलेला उंदीर परवडला. तरी तो एकेक झाकण उघडून मला कौतुकानं दाखवत होता, आणि मीही नाकाला रुमाल न लावता बघत होते. माणूस हुशार होता, मेहनती होता, हे मी आजही म्हणेन. हा पास झाला तर मी लिहिलेले नियम पास होणार होते. तो पास व्हावा असं मला मनापासून वाटत होतं.

त्याची आई रोज त्याच्याबरोबर तिथे यायची. घरच्या हीटिंगपेक्षा काचघरात बरं वाटतं म्हणायची. शेजारच्या पॅकिंगच्या शेडमध्ये तिनं छोटी शेगडी मांडली होती, देव मांडले होते. मराठी इन्स्पेक्टर आली म्हटल्यावर म्हातारी हरखली.

"अगं ये, बस. लंडनहून आलीस एवढ्या लांब? पोहे टाकते."

"नको आजी, कामावर आहे."

"कामाला काय होतंय. आडनाव काय गं तुझं?"

मी सांगितलं.

"गाव कुठलं म्हणायचं मूळचं?"

तेही सांगितलं.

"हो का," ती म्हणाली.

असे 'हो का' मी शाळेपासून ऐकत आले आहे. पुण्याकडच्या या बायका जात कळल्यावर तुम्हाला शिवी देत नाहीत, अहो म्हणायला लागतात. म्हातारीही लागली. "तुम्ही बसा हं," म्हणाली, पोहे आहेत का ते बघायला आत गेली आणि आलीच नाही. खरं तर अर्जदाराकडे काही खायला आम्हाला बंदीच होती. मी नाहीच म्हणणार होते. पण नाही म्हणायचा माझा हक्क होता आणि तो तिनं मारला. याचा मला जो राग आला तो पोह्यांच्या मानानं फारच मोठा होता.

मग मी बाही वर केली आणि एकेका टाकीत कोपरापर्यंत हात घालून नमुने घेतले. तो शेजारी उभा राहून बाटल्यांवर नंबर टाकत होता. म्हातारी शेडच्या दारात येऊन बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. स्तोत्र असेल, म्हातारी माणसं म्हणतात. मी शेवटच्या टाकीत हात जरा जास्तच वेळ ठेवला.

नमुने उत्तम आले. मी ऑफिसात मिरवले. नियमाप्रमाणे काही आठवड्यांनी त्यानं आमच्याच बाटल्यांतून दुसरे नमुने पाठवले, आणि त्यांत गुरांच्या आतड्यातले जंतू निघाले. सगळ्या टाक्यांत.

आमचे साहेब म्हणजे माझे वरिष्ठ, जन्मापासून इंग्रज आणि स्वभावानं भले. भली माणसं फार नुकसान करतात. त्यांनी नकाशा काढला, काचघराच्या शेजारी गाईंचा फार्म दिसला आणि त्यांचा शोध तिथेच संपला. फार्मवरची घाण झिरपली, म्हणाले. नद्यांच्या खात्याला कळवू, त्या फार्मरला नोटीस जाईल. मी म्हटलं, फार्म उताराच्या खाली आहे, टाक्या वर आहेत, त्याही विटांच्या चौथऱ्यावर आणि काचेच्या आत. खालच्या गाई वरच्या टाकीत मुतत नाहीत. साहेबांना माझी भाषा रुचली नाही, पण मुद्दा पटला आणि आम्ही दोघं बघायला निघालो.

रिपोर्ट वाचला तेव्हाच कुठे पाणी मुरतंय ते मला कळलं होतं. विज्ञानानं नव्हे. लहानपणी जे पाठ केलं होतं त्यानं. मग संताप आला. संताप आल्यावर मला बरं वाटलं. वॉटफर्डपर्यंतच्या ट्रेनमध्ये साहेब मला त्यांच्या बागेतल्या वालाच्या शेंगांबद्दल सांगत होते आणि मी हो-हो म्हणत होते.

तो आमची वाटच बघत होता. डोळे ओढलेले. दुकानवाल्यांचा रोज फोन येतो म्हणाला, डब्यांचं छपाईचं काम अडलंय, कधी होईल नक्की? साहेबांनी जंतूंचं सांगताच यानं हात झटकले.

"इट मस्ट बी द फार्म," तो म्हणाला. "दॅट ओल्ड मॅन इज व्हेरी केअरलेस."

त्या म्हाताऱ्या फार्मरला मी पहिल्या खेपेला पाहिलं होतं. यांच्या ट्रकचं चाक चिखलात रुतलं होतं आणि तो ट्रॅक्टर घेऊन ओढायला आला होता. साहेब गंभीरपणे मान हलवत होते. त्या दोघांना टाक्यांभोवती फिरू दिलं आणि मी शेडमध्ये म्हातारीकडे गेले.

"आजी, इकडे गोमूत्र कुठे मिळतं हो? माझ्या एका मैत्रिणीच्या घरी वास्तुशांत आहे."

मैत्रीण नव्हती आणि वास्तुशांतही नव्हती. पण मैत्रिणीचं आडनाव मी असं काही सांगितलं की म्हातारीचा चेहरा उजळला.

"अगं, मिळतं की! दुकानात कशाला जायचं. हा खालचा फार्मवाला देतो ताजं, बादलीभर. फ्री. काय करता म्हणून विचारतसुद्धा नाही बिचारा. मी रोज आंघोळ झाली की शिंपडते सगळीकडे. दारात, शेडमध्ये, टाक्यांवर. तुळशीच्या पानानं शिंपडायचं, सांग तिला."

"टाक्यांवर पहिल्यापासून शिंपडता?"

आता ती थांबली. मी कोण आहे हे मधे तिच्या डोक्यातून गेलं असावं, ते परत आलं. पण घाबरली मात्र नाही. उलट सरळ बसली आणि गोड आवाजात म्हणाली, "पहिल्यापासून कशाला? तुम्ही येऊन गेलात ना, तेव्हापासून. तुमच्या लोकांना माल शुद्धच लागतो ना?"

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. हा सुंभ तर कधी जळलाच नव्हता. विमानात बसून आला, हॅरोत राहिला, त्याला कौन्सिलचा बसपास मिळाला. मी म्हातारीकडे बघितलं आणि मला तिला मारावंसं वाटलं. सुती लुगडं, वर मुलाचा जुना स्वेटर, हातात तपकिरीची डबी. तिला मारावंसं वाटलं, यापलीकडे मला काहीही वाटलं नाही.

दारात साहेब आणि तो येऊन उभे होते. साहेबांना मराठी कळत नव्हतं. त्याला कळत होतं. पहिल्यांदाच ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलं आहे. त्याचा तसा झाला नाही.

तपासणीनंतर अर्जदारासमोर बसून सगळं तोंडी बोलायचं, अशी आमची पद्धत होती. शेडमध्ये खुर्च्या मांडल्या. मी साहेबांना सांगितलं की टाक्यांत रोज गोमूत्र पडतंय, आजी शिंपडतात, आणि हे आपल्याला कळवलेलं नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"बट व्हाय?" त्यांनी त्याला विचारलं.

"इट्स अ ब्लेसिंग," तो म्हणाला. "अ रिलिजस सेरिमनी. व्हेरी एन्शंट."

आता आमच्या सेंद्रिय जगाची एक गोष्ट सांगते. आमच्याकडे असे गोरे शेतकरी होते, जे गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचे आणि वसंतात उकरून, पाण्यात ढवळून शेतावर शिंपडायचे. साहेबांना त्यांच्याबद्दल फार आदर. एन्शंट म्हटलं की साहेब विरघळायचे. तसे ते विरघळले. पुढे वाकले, म्हाताऱ्या आईकडे बघून हसले आणि म्हणाले, हे बघा, धार्मिक विधी असेल तर गोष्ट वेगळी. आपण त्याची नोंद करू. तुम्ही टाक्या धुवा, नवं शेवाळ सोडा, विधी यापुढे टाक्यांपासून लांब करा. शिक्का थोडा लांबेल, पण मिळेल. अर्ज फेटाळायची गरज नाही. कळवलं नाही ही चूक झाली खरी, पण आपल्या देवाचं पाणी हे खतासारखं कळवायचं असतं, हे यांच्या लक्षात कसं यावं?

मग ते माझ्याकडे वळले. "तू त्यांच्यातलीच आहेस. तू सांग. हा असा विधी असतो का?"

ते इंग्रजीतच बोलले, पण अर्थ हाच. 'त्यांच्यातलीच.' एवढ्या वर्षांत मला त्यांच्यातली म्हणणारे भेटले ते एक साहेबच.

तो खुर्चीच्या कडेला आला. इतका वेळ इंग्रजी बोलणारा माणूस एकदम मराठीवर आला.

"ताई, पूजाच असते ना ती. सांगा ना त्यांना. आपण मराठी माणसं परदेशात एकमेकांना नाही सांभाळणार तर कोण सांभाळणार? दोन वर्षं घातली आहेत हो यात. आई जुन्या वळणाची आहे, तुम्ही समजून घ्या."

त्याच्या तोंडून ताई पहिल्यांदाच आलं. पहिल्या खेपेपासून मॅडम चाललं होतं. मला हो म्हणणं अजिबात कठीण नव्हतं. एक शब्द, आणि त्याचा शिक्का वाचला असता, माझे नियमही वाचले असते. शिवाय साहेबांना आवडेल अशी एक भारतीय गंमत मिळाली असती. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि मला तो बघायला आवडत होता.

"नाही," मी साहेबांना म्हटलं. "हा विधी नाही. मी पाण्यात हात घातला म्हणून हे शिंपडलं गेलं. माझ्या जातीच्या माणसानं पाण्याला हात लावला की ते पाणी गाईच्या मुतानं धुतात. माझ्या आजोबांच्या वेळीही असंच धुवायचे."

बाहेर टाक्यांतली चाकं फिरल्याचा आवाज येत होता. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यावर आठ्या आल्या. त्यांना मला न्याय द्यायचा होता, हे दिसत होतं. त्यांनी सगळी बाजू नीट समजून घ्यायची ठरवली, त्यांच्या पद्धतीनं. घसा साफ केला आणि हळू आवाजात मला विचारलं, "नमुने घेण्याआधी तू हात धुतले होतेस ना?"

उत्तर त्यानं दिलं.

"येस, शी हॅड," तो म्हणाला. "व्हेरी थरोली. आय गेव्ह हर द टॉवेल मायसेल्फ."

"मग हे कशासाठी?" साहेबांनी विचारलं. त्यांना खरंच कळलेलं नव्हतं.

त्यानं आईकडे बघितलं. म्हातारी तपकीर काढत होती. "टु कीप मदर हॅपी," तो म्हणाला.

साहेबांना हे मात्र पटलं. आई म्हटलं की इंग्रजांनाही पटतं. त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली, पेन उचललं आणि अर्ज फेटाळला. विधी नसेल तर ते टाकीत घातलेलं शेण-मूत, आणि तेही लपवून. मी लिहिलेल्या कलमाला पळवाट नव्हती.

टाक्या रिकाम्या करायच्या दिवशी संस्थेतर्फे मला जावं लागलं. तसलं पाणी ओढ्यात सोडता येत नव्हतं, म्हणून टँकर आला होता. जाड पाइपातून ते सगळं गर्द हिरवं पाणी ओढून घेत होते आणि टाक्यांचे तळ एकेक करून उघडे पडत होते. तो हातात झाडू घेऊन तळाला चिकटलेलं शेवाळ खरवडत होता. म्हातारी काचेला टेकून उभी होती आणि तिनं मला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला विचारलं, "आता परत भरल्यावर तपासायला कोण येणार रे? हीच बाई?"

तो वाकलेलाच होता. झाडू न थांबवता म्हणाला, "कोणी येणार नाही, आई."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली.